पडण्याचे मार्क

नर्सिंगच्या नव्या बॅचला पहिल्यांदा वॉर्डात नेलं की मी एक प्रश्न हमखास विचारते. "आज रात्री यातलं कोण पडेल, सांगा." मुली एकमेकींकडे बघतात. ज्या हुशार असतात त्या थेट फायलीला हात घालतात. फायलीत फॉल रिस्कचा, म्हणजे पेशंट पडण्याच्या धोक्याचा, कागद लावलेला असतो, त्यावर बेरीज केलेली असते, आणि बेरीज झाली की उत्तर सापडलं ही सवय शाळेपासूनची. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर फाइल उघडत नाहीत. त्या नुसती मान वळवून सांगतात, "बारा नंबरचे आजोबा. दुपारपासून चप्पल शोधताहेत."

नर्सेसना रुग्ण पडण्याचा धोका कितपत कळतो, याचं हल्ली बरंच मोजमाप चालतं. प्रश्नावल्या वाटल्या जातात, 'ज्ञान अपुरे' असा निष्कर्ष निघतो, मग ट्रेनिंग लागतं. ट्रेनिंगला चहा-बिस्किटं आणि सहीसाठी रजिस्टर. आधी वॉर्डात काम करून आणि आता शिकवून माझं मत असं झालंय की नर्सला धोका बऱ्यापैकी कळतो. तिची परीक्षा घेतली जाते ती कागदाच्या ज्ञानाची. आणि कागद भरताना तिला जे कळलेलं असतं ते लिहायला जागाच नसते.

मी पाहिलेल्या बहुतेक खासगी रुग्णालयांत हा कागद म्हणजे मॉर्स फॉल स्केल. जॅनिस मॉर्स यांनी तो कॅनडात तयार केला, १९८९ साली प्रसिद्ध केला. या बाई नर्स, आणि शिवाय मानववंशशास्त्रज्ञ. दोन्ही विषयांत डॉक्टरेट. पडलेले १०० रुग्ण आणि न पडलेले १०० रुग्ण यांची तुलना करून त्यांनी सहा प्रश्न काढले. पूर्वी पडलाय का, याला २५ मार्क. एकाहून जास्त आजार, १५. चालताना आधार कशाचा, त्याप्रमाणे शून्य, १५ किंवा ३०. सलाइन किंवा कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) असेल तर २०. चाल अशक्त असेल तर १०, बिघडलेली असेल तर २०. आणि स्वतःच्या ताकदीचं भान नसेल तर १५. एकूण १२५. पंचवीसपासून मध्यम धोका, पंचेचाळीसपासून जास्त, असे आकडे आपल्याकडे सर्रास वापरतात. खुद्द मॉर्सबाईंचा आग्रह असा की प्रत्येक वॉर्डाने आपली रेषा आपल्या रुग्णांवरून ठरवावी. तो भाग फोटोकॉपी करताना गळला असावा.

आता हा कागद घेऊन आपल्याकडच्या सर्जरीच्या वॉर्डात फिरून बघा. कॅन्युला नाही असा पेशंट सापडणार नाही, म्हणजे २० झाले. बीपी नाहीतर शुगर आहेच, १५ झाले. पस्तीस मार्कांपर्यंत सगळेच. ऑपरेशननंतर चाल थोडी मंदावली की आणखी १०, पेशंट 'हाय रिस्क'. मग सगळ्यांच्या मनगटावर पिवळा पट्टा, सगळ्यांच्या डोक्याशी 'पडण्याचा धोका' अशी पाटी. एका इन्चार्ज सिस्टरनी मला विचारलं होतं, "मॅडम, हिरवे पट्टे मागवूच नकोत का?" चाळीसच्या चाळीस पिवळ्यांमधून आज लक्ष कोणावर ठेवायचं हे पट्टा सांगत नाही. ते ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना, सांगितलं जातं, तोंडी, जाता जाता.

आधाराचा प्रश्न मला सगळ्यांत मजेदार वाटतो. पेशंट झोपूनच असेल, किंवा नर्स धरून चालवत असेल, तर शून्य. काठी, कुबडी, वॉकर असेल तर १५. आणि भिंत, कॉट, टेबल, जे हाताला येईल ते धरत चालत असेल तर ३०. हिशेब बरोबर आहे. नर्स सोबत आहे म्हणजे त्या वेळी पडण्याची शक्यता कमी. पण आपल्या वॉर्डात पेशंटला बाथरूमला नेतं कोण? सून, मुलगा, भाचा, शेजारच्या कॉटवरच्या बाईची बहीण. वॉर्डातल्या कामाच्या मावशी मिळाल्या तर मावशी. नातेवाइकाचा खांदा हे कोणत्या रकान्यात बसवायचं? मुली बहुतेक वेळा शून्य टाकतात, "सोबत माणूस आहे" म्हणून. तो माणूस कधी डबा आणायला जातो, कधी औषधं आणायला खालच्या मेडिकलमध्ये रांगेत असतो, कधी त्याचं स्वतःचं वय पासष्ट आणि गुडघे गेलेले. सासूबाईंना धरून नेणारी आणि दोघी मिळून बाथरूमच्या उंबऱ्याशी आपटणारी जोडी मी पाहिली आहे. फायलीत शून्य होतं. तो मार्क ज्या रुग्णालयासाठी ठरला, तिथे बाथरूमपर्यंत सोबत करणं हे नर्सचंच काम धरलेलं आहे. आपल्याकडे तो आधार अर्धवेळ आहे, विनावेतन आहे आणि रात्री कॉटखाली चटई टाकून झोपलेला आहे.

पण खरा पेच शेवटच्या १५ मार्कांचा. त्याचं शीर्षक 'मानसिक स्थिती' असं भाषांतरून येतं आणि तिथेच घोळ होतो. नवी मुलगी विचारते, "आजोबा, नाव काय? आज वार कोणता? कुठे आहात?" आजोबा तिन्हींची उत्तरं देतात, वर पंतप्रधान कोण तेही सांगतात. शून्य मार्क, पुढे चला. प्रश्न हा नव्हताच. विचारायचं असतं, "बाथरूमला एकटे जाता की मदत लागते?" आणि आलेलं उत्तर डॉक्टरांच्या सूचनेशी आणि आपल्या डोळ्यांना दिसतंय त्याच्याशी ताडून बघायचं असतं. स्वतःबद्दलचा अंदाज जमिनीवर आहे की हवेत, एवढंच तिथे मोजायचंय. माझ्या मते त्या कागदावरचा हा सगळ्यांत शहाणा प्रश्न आहे, आणि मानववंशशास्त्र शिकलेल्या बाईलाच तो सुचावा यात नवल नाही.

तरी आपल्या आजोबांपुढे तोही तोकडा पडतो. "एकटे जाता का?" या प्रश्नाला आपल्या गावाकडच्या ऐंशी वर्षांच्या माणसाचं उत्तर ठरलेलं आहे. "न जायला काय झालं? काल-परवापर्यंत शेतात जात होतो." यात अंदाज चुकलेला आहे असं मला नेहमी वाटत नाही. पुष्कळदा त्याला पुरतं माहीत असतं की पाय लटपटताहेत. पण समोर उभी असते नातीच्या वयाची, पांढऱ्या कोटातली पोर. तिच्याकडे लघवीचं भांडं कसं मागायचं? आजीबाईंचं वेगळं. त्यांना लाज कमी, भीड जास्त. "लेक दिवसभर दमलीय, कशाला उठवू" म्हणून कॉटखाली झोपलेल्या लेकीला ओलांडून जायला निघालेल्या आजी, आणि लेकीच्या पायात पाय अडकून पडलेल्या आजी. स्वतःच्या ताकदीचं त्यांना पूर्ण भान होतं. नर्सला बोलवायच्या बेलचा अर्थही माहीत होता. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, या आयुष्यभराच्या वळणाला मार्क कोणी ठेवलेले नाहीत.

भाषेची आणखी एक गोष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत केरळच्या मुली मोठ्या संख्येने आहेत. कामाला वाघ. पण रात्री दोनला "अम्मा, बाथरूम जाना है तो बेल बजाना" असं हिंदीत सांगितलेलं जुन्नरच्या आजीला कितीसं पोचतं? आजी मान डोलावतात. मान डोलावणं म्हणजे समजलं, असं फायलीत लिहिलं जातं. 'रुग्णास सूचना दिल्या' या ओळीवर रोज किती विश्वास टाकला जातो, याचा विचार केला की मला धडकी भरते. मी आमच्या मुलींना, मग त्या कोल्हापूरच्या असोत की कोट्टायमच्या, सांगते की सूचना देऊन थांबू नका. "आता बाथरूमला जायचं झालं तर काय कराल, करून दाखवा" म्हणा. आजी बेल शोधू लागतात आणि बेल गादीच्या मागे, भिंतीच्या बाजूला लोंबकळत असते.

हे मार्क भाकित करायला फारसे उपयोगी नाहीत, हे म्हणणारी मी काही पहिली नाही. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलं की रुग्णालयात कोण पडेल याचा अंदाज बांधणारी आकड्यांची साधनं वापरू नका. पासष्टच्या पुढचे सगळे धोक्यात आहेत असं धरा, त्याखालचे पन्नाशीपर्यंतचे कोण ते डॉक्टरांनी आजार बघून ठरवावं, आणि मग ज्याच्या त्याच्या अडचणीवर उपाय करा. ऑस्ट्रेलियात सहा रुग्णालयांतल्या २४ वॉर्डांमध्ये एक मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले. जोखमीचं कोष्टक, डोक्याशी पाटी, ठरावीक वेळी बाथरूमला नेणं, खाली जाणारी कॉट, अलार्म, असा सगळा संच निम्म्या वॉर्डांना दिला. पडण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. तिकडे या मार्कांचा आकडा उतरणीला लागला आणि इकडे तो मानांकनाच्या तयारीत फायलीफायलीत चढला. हे मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे निरीक्षक येणार म्हटल्यावर आदल्या रात्री जुने कागद 'अप-टू-डेट' करत बसलेल्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून नर्सचं सगळं बरोबर असतं असं नाही. दोन गैरसमज मला पुन्हापुन्हा भेटतात. पहिला, आकडा कमी म्हणजे पेशंट सुरक्षित. सिझेरियननंतर पहिल्यांदा उठणारी सव्वीस वर्षांची बाई कोणाच्याच डोळ्यांपुढे नसते. वय लहान, काठी नाही, भान उत्तम. स्पायनलनंतर, म्हणजे पाठीतून दिलेली भूल उतरल्यावर, पायात जीव आल्यासारखा वाटतो, ती झपकन उभी राहते, बीपी खाली जातं आणि बाथरूमच्या दारात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी. आधी पाय खाली सोडून पाच मिनिटं बसवा, मग उभं करा, मग चालवा, हे आपण सगळ्या शिकलेल्या असतो. घाई नडते. जुन्या सिस्टरांचा तो अचूक अंदाजसुद्धा इथे चुकतो, कारण त्यांचं लक्ष म्हाताऱ्यांकडे लागलेलं असतं.

दुसरा गैरसमज, धोका एकदा मोजला की झालं. भरतीच्या दिवशीचा आकडा चौथ्या दिवशीही तोच, खाली फक्त सही वेगळी. मधल्या काळात पेशंटला झोपेची गोळी सुरू झाली, रक्तातलं सोडियम उतरलं, दुसऱ्या वॉर्डात हलवलं आणि बाथरूम डावीकडचं उजवीकडे गेलं. संध्याकाळी सहाला लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध दिलं की रात्रभर उठबस होणार हे कळायला कोष्टक लागत नाही, पण औषधांचा कागद आणि पडण्याचा कागद फायलीत शेजारी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलणं नर्सच्या डोक्यात व्हावं लागतं. इन्शुलिन दिलं आणि जेवणाचं ताट तसंच राहिलं, हेही पडण्याचंच गणित आहे.

मॉर्स यांनी पडण्याचे तीन प्रकार केले होते. ज्यांचा अंदाज आधी येऊ शकतो असे शारीरिक कारणांचे ७८ टक्के, अचानक चक्कर किंवा फिट येऊन होणारे ८ टक्के, आणि १४ टक्के निव्वळ अपघात: ओली फरशी, सरकणारं स्टूल. हे शेवटचे पेशंटच्या मार्कांत येतच नाहीत. ते वॉर्डाचे मार्क आहेत. पहाटे साडेपाचला फिनेलचा पोछा मारायचा, आणि नेमकी तीच सगळ्यांची बाथरूमला जायची वेळ. हे वेळापत्रक कोणी केलं हे मला आजवर कुठल्याच रुग्णालयात कळलेलं नाही. पायघोळ पायजमा, निसटणारी नाडी, कोणाच्याही मापाची नसलेली रबरी स्लिपर.

आणि साइड रेल, म्हणजे कॉटच्या कडेचे दांडे. नातेवाइकांचा त्यावर फार विश्वास. "दांडे वर करा सिस्टर, म्हणजे आम्ही निर्धास्त." शुद्धीत असलेल्या, गादीवरून घसरू शकणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग आहे. पण रात्री भ्रमिष्ट झालेला, घरी निघालेला माणूस दांड्याला थांबत नाही. तो त्यावरून चढतो, आणि मग कॉटच्या उंचीत दांड्याची उंची मिळवून खाली येतो.

पडल्यावर काय होतं, त्यावरही लिहायला हवं, कारण धोक्याची समज तिथेच बिघडते. पेशंट पडला की नर्सला मेमो. सगळीकडेच असं नसेल, पण मेमोची भीती सगळीकडे आहे. त्या भीतीपोटी पहिलं काम होतं ते पेशंटला पटकन उचलून कॉटवर ठेवायचं, कोणी बघायच्या आत. खरं तर आधी जमिनीवरच त्याला बघायला हवं. डोक्याला लागलंय का, मान दुखते का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलणं म्हणजे दुसरी दुखापत. आणि डोक्याचा मार लगेच दिसतोच असं नाही, त्यामुळे पुढचे काही तास डोळ्यांच्या बाहुल्या, शुद्ध, बीपी पुन्हापुन्हा बघावं लागतं. यातलं काहीच होत नाही, जेव्हा 'पेशंट पडलाच नाही' असं ठरतं. महिन्याच्या मीटिंगमध्ये दर हजार रुग्ण-दिवसांमागे किती पडले याचा आलेख दाखवतात. चारशे खाटांच्या रुग्णालयात ती रेघ वर्षभर शून्यावर झोपलेली असली तर मला अभिनंदन करावंसं वाटत नाही. मला त्या वॉर्डातल्या मुलींची काळजी वाटते.

भीतीचा दुसरा परिणाम म्हणजे "उठू नका." पडायचं नाही तर उठायचंच नाही. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवल्यावर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं, असा अभ्यास २००७ मध्ये अमेरिकेत झाला. ती माणसं धडधाकट होती. आपले न्यूमोनियाचे आजोबा आठ दिवसांनी घरी जातात, फायलीत 'पडले नाहीत', आणि घरी चौथ्या दिवशी मोरीत पडतात. तो आकडा रुग्णालयाच्या आलेखात येत नाही.

मग काय चालतं? पॅट्रिशिया डाइक्स या नर्स-संशोधिकेने बॉस्टनमध्ये एक साधी गोष्ट केली. मोजलेला धोका आणि त्यावरचा उपाय एका कागदावर आणला, चित्रांसकट, आणि तो कागद नर्सने पेशंट आणि घरच्यांसोबत बसून भरायचा, मग डोक्याशी लावायचा. मोजायला तेच मॉर्सचे सहा प्रश्न. फरक इतकाच की बेरीज महत्त्वाची नाही. कुठल्या प्रश्नाला मार्क पडले आणि म्हणून काय करायचं, ते महत्त्वाचं. २०२० मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या तीन केंद्रांतल्या १४ वॉर्डांचे निकाल आले. पडणं १५ टक्क्यांनी कमी, पडून दुखापत होणं ३४ टक्क्यांनी कमी. मला त्यातलं 'सोबत बसून' हे पटतं. आपल्याकडे तर घरचा माणूस आयताच उशाशी बसलेला आहे, त्याला फक्त "व्हिजिटिंग अवर संपले" एवढंच आपण सांगतो.

आम्ही आमच्या मुलींपुरता एक प्रयोग चालवलाय. आकडा लिहायचाच, तो सुटत नाही. त्याखाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असते, तिथे एक वाक्य लिहायचं: हा माणूस कधी उठेल, कशासाठी उठेल आणि कोणाला हाक मारणार नाही. सुरुवातीला 'रुग्ण वृद्ध आहे' असली वाक्यं आली. मग हळूहळू सुधारली. एकीने लिहिलं, "कॉट सात. घरी पहाटे पाचला उठून गोठ्यात जातात. इथेही पाचला उठतात. मुलाला उठवत नाहीत. पावणेपाचला जाऊन भांडं द्यावं." हे लिहायला तिला आजोबांशी दहा मिनिटं बोलावं लागलं, आणि त्यातली नऊ म्हशींबद्दल होती.

क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, हे वाक्य ऑडिटमध्ये कसं मोजायचं? त्यांचं बरोबर आहे, मोजता येत नाही. पण त्या वॉर्डातल्या सिस्टरचा प्रश्न मला जास्त अडचणीचा वाटला. पावणेपाचला जायचं कोणी? ती वेळ रक्ताचे नमुने घेण्याची, उपाशीपोटीच्या शुगरची, टीपीआरची (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट जुळवण्याची. सातला ओव्हर द्यायचा असतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक असा आहे. तिच्या वॉर्डात त्या रात्री चाळीस पेशंट होते, सोबत शिकाऊ मुलगी एक, आणि मावशी दोन वॉर्डांत मिळून एक. तिने कॉट सातच्या आजोबांच्या मुलाला साडेचारलाच उठवलं आणि भांडं कुठे ठेवलंय ते दाखवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "बाबांनी मला कधीच का नाही उठवलं?" बाबा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते. सिस्टर तोवर आठ नंबरची शुगर बघायला निघून गेल्या होत्या.